शेजारच्या खोलीत काही हलवू नये

महाडात कुणाचं दूध उतू जाणार, कुणाचं घड्याळ मागे पडलंय आणि कुणाचं भाषण लांबलंय हे अचूक सांगणारा एकच माणूस होता, आणि त्याला दिसत नव्हतं. माझ्या शेजारच्या खोलीत राहणारा हा माझा वर्गमित्र पोलादपूरच्या वरच्या डोंगरातल्या एका वाडीतून बी.ए. करायला आला होता. वडिलांनी पाठवताना एकच अट घातली होती: "येकदा भाजलास नायतर पडलास, की परत." तरीही तो एकटाच राहायचा. सोबतीला कुणी का नाही असं विचारलं, की म्हणायचा, "सोबत आली की ती वस्तू हलवते."

त्याच्या खोलीत भिंतीवरच्या देवालाही हलायची परवानगी नव्हती. मिठाच्या डब्याला एक रबर, साखरेच्या डब्याला दोन. टेपरेकॉर्डरच्या 'प्ले'च्या बटणावर घरमालकीण मावशींची एक मखमली टिकली, 'रेकॉर्ड'वर दोन. मावशी म्हणायच्या, "मेल्याने टेपला सवाष्ण केलं." दूध तापवताना तो पातेल्यात स्टीलची चकती टाकायचा. चकती खडखडू लागली, की ब्रेलच्या पाटीवर टोचत असलेलं वाक्य शांतपणे पूर्ण करून उठायचा, आणि त्याचं दूध कधी उतू गेलं नाही. माझं, डोळ्यांदेखत, आठवड्यातून तीनदा जायचं. वासावरून त्यालाच आधी कळायचं आणि भिंतीपलीकडून आवाज यायचा, "गेलं बघ तुझं."

अर्थशास्त्राचं पुस्तक ब्रेलमध्ये मिळत नव्हतं, म्हणून मी ते त्याला कॅसेटवर वाचून देत असे. मी लहानपणापासून चळवळीच्या पत्रकांवर वाढलेला. भांडवलाची व्याख्या आली, की तिच्यावर दोन शब्द बोलल्याशिवाय पान उलटणं मला जमायचं नाही. पहिल्या चाचणीत त्याने लेखनिकाला माझी दोन पानं टीका पुस्तकातली समजून लिहायला लावली. सरांनी ती खोडून समासात 'हे कोण?' असं विचारलं. तो मला रागावला नाही. एवढंच म्हणाला, "पुस्तक थांबलं आणि तू सुरू झालास, की टाळी वाजवत जा." पुढची कॅसेट ऐकून त्याने विचारलं, "यात पुस्तक कुठं आहे?"

अशा माणसावर अन्याय होतो आणि आपण गप्प बसतो, हे मला सहन होईना. कॉलेजच्या ग्रंथालयात त्याच्यासाठी एक ओळसुद्धा नव्हती, हे खरंच होतं. मी पत्रक काढलं. आवेशात लिहून गेलो, की 'हा असहाय बांधव रोज मृत्यूशी खेळत स्टोव्ह पेटवतो.' वाडीचं नावही अभिमानाने छापलं आणि पोलादपूरच्या स्टँडवर स्वतः वाटलं. त्याला मात्र विचारलं नाही. त्याच्याच बाजूने लिहितोय, तर विचारायचं काय, असं मला वाटलं.

चौथ्या दिवशी त्याचे वडील खांद्यावर घोंगडी आणि हातात माझं पत्रक घेऊन दारात उभे राहिले.

"चल, बोचकं बांध. पेपरात आलंय तुझं."

"पेपर नाय आबा, पत्रक हाय ते. शेजारी काढतो. काय लिवलंय?"

"तू असहाय हायस म्हून."

"वाच रे," तो मला म्हणाला. मी वाचलं. माझं लेखन इतकं लांब असतं हे मला त्या दिवशी कळलं. वाचून संपल्यावर तो म्हणाला, "टाळी राहिली," आणि चहा टाकायला उठला.

त्याने स्टोव्ह पेटवला, वर तळहात धरून आच पाहिली, रबरं चाचपून साखर घातली. वडील डोळे न मिटता बघत होते. पोराच्या पायात नको, म्हणून त्यांनी मायेने स्टूल भिंतीकडे सारलं. तो दोन कप घेऊन पाच पावलं आला आणि नेहमीच्या जागी त्याने कप ठेवले. तिथे स्टूल नव्हतं. गरम चहा त्याच्या पायावर सांडला.

"बघ," वडील म्हणाले. "भाजलास."

"स्टूल कुणी हलवलं?"

वडील म्हणाले, "मी. पायात येल म्हून."

"आबा, गोठ्यातला म्हशीचा खुंटा रोज हलवता का?"

"नाय. तिला जागा ठावी असते."

"मग माझीच का हलवता? घरी मी पडायचो तो असाच. हितं दोन वर्सांत आजच भाजलो."

वडील उठले. स्टूल ओढत आणलं, पोराचा हात त्यावर ठेवला. "हितंच होतं ना?"

"चार बोटं अलीकडं."

त्यांनी चार बोटं मोजून सरकवलं. मग घोंगडी खाली ठेवून म्हणाले, "दुसरा चहा कर." दुपारच्या एसटीने ते एकटेच परत गेले.

तिसऱ्या वर्षी गावातल्या एका क्लासमध्ये बोलणारा कॉम्प्युटर आला. सर्दी झालेल्या साहेबासारखा आवाज, पण तो मध्येच स्वतःची मतं सांगत नसे. दोन महिन्यांत माझ्या कॅसेटी बंद झाल्या. पुढे त्याला पुण्यात नोकरी लागली. निघताना मी पोचवायला येऊ का विचारलं, तर काठी उघडत म्हणाला, "कशाला? स्टँड कुठं हलतोय." गल्लीच्या वळणापर्यंत काठीचा आवाज येत होता, मग तोही थांबला. या माणसाने कुणाच्याही आधाराशिवाय जगावं, म्हणून मी गावभर पत्रकं वाटली होती. त्या सकाळी तो तसाच निघून गेला, आणि मला ते मुळीच आवडलं नाही.