ब्रूनोला पळू द्यायचं नाही

कडूबाच्या आधीची तीन भावंडं पाळण्यातच गेली, म्हणून आईनं त्याचं नाव कडूबा ठेवलं. कडू जिन्नस काळाच्या तोंडी लागत नाही, अशी सोयगावाकडची समजूत. तो जगला खरा, पण उभा जन्म राबण्यातच गेला. तीस वर्षांपूर्वी शहरात आला, चिकलठाण्याच्या कारखान्यात गोण्या उचलल्या, आणि पाठ बोलायला लागल्यावर सिडकोतल्या एका सोसायटीचा वॉचमन झाला. आता वय एकोणसाठ. बारा तास गेटवर, मग सायकल रेटत मुकुंदवाडीतल्या पत्र्याच्या दोन खोल्यांकडं. घरात बायको द्वारकाबाई आणि तिचे धरून बसलेले गुडघे. लेक लग्न होऊन गंगापूरला.

कुत्रं पाळायचं त्याच्या ध्यानीमनी नव्हतं. दुसऱ्या मजल्यावरचे बँकेतले अभय साहेब गुवाहाटीहून बदलून आले होते, तेव्हा पाच वर्षांचा लॅब्रॅडॉर सोबत आणला होता, ब्रूनो. वर्षभरात पुन्हा बदली आली. नव्या घरमालकाला कुत्रं चालणार नव्हतं. सामानाचा ट्रक भरून झाला तरी ब्रूनो गेटवर कडूबाच्या खुर्चीखालीच पडून होता.

"याला तुमचा लळा आहे, कडूबा," साहेब म्हणाले. "ठेवाल का?"

नाही म्हणायचं असंच त्यानं ठरवलं होतं. पण ब्रूनोनं हनुवटी त्याच्या बुटावर टेकवली, आणि कडूबा "ठेवतो" म्हणून बसला.

द्वारकाबाई दोन दिवस बोलली नाही. तिसऱ्या दिवशी तव्यावरची पहिली भाकरी चुरून तिनं ताटलीत टाकली आणि हाक मारली, "बुरन्या, ये." ब्रूनो हे नाव तिच्या जिभेवर कधी बसलंच नाही.

पंधरवड्यातच ब्रूनोला खोकला सुरू झाला. कोरडा, ठसक्यासारखा. दहा पावलं चाललं की कुत्रं खाली बसायचं. कडूबा त्याला रिक्षात घालून जनावरांच्या डॉक्टरकडं घेऊन गेला. डॉक्टर मुबश्शिरा वयानं त्याच्या लेकीएवढीच. तिनं रक्त तपासलं, छातीचा फोटो काढला आणि त्याला समोर बसवलं.

"काका, याच्या हृदयात जंत आहेत. दोऱ्यासारखे लांब. डासातून होतं हे. तुमच्याकडं येण्याआधीचंच आहे."

"औषध हाय का त्याला?"

"एक इंजेक्शन असतं, पण ते आपल्याकडं सहजासहजी मिळत नाही. दुसरा रस्ता लांबचा. महिनाभर गोळ्या, मग दर महिन्याला मानेवर एक औषध टाकायचं. वर्ष, दीड वर्ष. मधे मधे तपासण्या. सगळं मिळून वीस हजारांच्या आसपास जाईल."

कडूबाचा पगार अकरा हजार. त्यानं विचारलं, "आन् नाय केलं तर?"

"वर्षभर काढेल कदाचित. पण त्रासात."

त्यानं अभय साहेबांना फोन लावला. साहेबांना खरंच वाईट वाटलं. त्यांनी लगेच दोन हजार पाठवले आणि म्हणाले, "या वयात कशाला जिवाला घोर लावून घेता? एखाद्या संस्थेत देऊन टाका." कडूबाला राग आला नाही. रागावायलाही अंगात जोर लागतो.

घरी येऊन त्यानं सगळं सांगितलं. गुडघ्याच्या तपासणीसाठी थोडे पैसे बाजूला पडले होते, ते दोघांनाही ठाऊक होतं. द्वारकाबाई पाय चोळत होती.

"माझे गुडघे आठ वर्सापासून दुखायलेत. आजून एक वर्स दुखतील. त्याचं तर काळीज हाय."

"तेवढ्यानं भागत नाय."

"मग काम बघा आजून एखादं."

त्यानं बघितलं. शेजारच्या बिल्डिंगमधल्या सात गाड्या पहाटे पुसायच्या. साडेचारला उठायचं, सायकल हाणत जायचं, बादलीभर पाण्यात सात गाड्या उरकायच्या. शहरात नळाला आठ-आठ दिवसांनी पाणी येतं, दुसरी बादली कोण देणार? मग ओल्या हातांनीच गेटवर येऊन बसायचं. दुपारी खुर्चीत डोळा लागला की सोसायटीचे सेक्रेटरी खाकरायचे.

पण पैशापेक्षा जड होती डॉक्टरांची दुसरी गोष्ट. "त्याला पळू द्यायचं नाही, उड्या मारू द्यायच्या नाहीत. जंत मरून फुप्फुसात अडकतात. तो जितका हुरळेल तितका धोका."

आणि ब्रूनो हुरळायचा तो फक्त कडूबाला बघून. म्हणून संध्याकाळी आल्यावर कडूबा त्याच्याकडं बघायचाच नाही. पाठमोरा उंबऱ्यावर बसायचा, सावकाश बूट काढायचा. मागं शेपटी पत्र्यावर आपटत राहायची. ती थांबेपर्यंत हा समोरच्या भिंतीकडं तोंड करून बसलेला. दिवसभरात आपल्याला बघून खूश होणारं एकच कुणी, आणि त्याच्याकडंच पाठ फिरवायची. चाळीस पोरींची लग्नं लावल्यासारखा थकवा त्याला त्या दहा मिनिटांत यायचा.

दिवाळीत कुणीतरी दारातच लड लावली. ब्रूनोनं दोरी तोडली आणि गल्लीच्या टोकापर्यंत जाऊन कोसळला. जीभ निळी पडलेली. कडूबानं त्याला खांद्यावर टाकलं, अठ्ठावीस किलोचं धूड, आणि रिक्षा मिळेपर्यंत तसाच चालत राहिला. मुबश्शिरानं दवाखाना पुन्हा उघडला, इंजेक्शनं दिली, ऑक्सिजन लावला. दोन तासांनी ती सांगायला बाहेर आली, तर कडूबा बाकावर बसल्या बसल्या झोपी गेलेला.

"काका, वाचला तो."

"बरं," तो म्हणाला आणि उठायला भिंत धरली.

वर्ष सरलं. तपासणीत जंत अजून होते, पण कमी. "आणखी सहा महिने," मुबश्शिरा म्हणाली. तिलाच अवघडल्यासारखं झालं. कडूबानं मान हलवली. गाड्या पुसायला आणखी सहा महिने, एवढाच त्याचा हिशेब.

एकोणिसाव्या महिन्यात रक्त साफ आलं. मुबश्शिरानं कागद दोनदा वाचला आणि त्याच्यापुढं सरकवला. "सोडा आता याला. पळू द्या."

रविवारी तो ब्रूनोला शाळेच्या मोकळ्या पटांगणात घेऊन गेला आणि पट्ट्याची कडी काढली. ब्रूनो जागचा हलला नाही. दीड वर्षात त्याचं तोंड पांढरं झालं होतं, आणि पळायचं असतं हे तो विसरलाही असेल. चार पावलं दुडक्या चालीनं गेला, परत आला आणि कडूबाच्या पायाला टेकून बसला. कडूबानं पहिल्यांदा दोन्ही हातांनी त्याचं डोकं धरलं आणि शेपटी थांबेपर्यंत सोडलं नाही.

"पळाला का?" घरी द्वारकाबाईनं विचारलं.

"थोडंसं."

"गाड्यांचं काम सोडता का मग?"

"नाय. सोमवारी तुझे गुडघे दाखवून येऊ," तो म्हणाला आणि भिंतीला पाठ टेकून त्यानं डोळे मिटले.