कपाटातली ओरिजिनल्स

"मॅडम, माझी ओरिजिनल्स हवी होती," असं म्हणून सुहासने राजीनाम्याचं पत्र माझ्या टेबलावर ठेवलं. मी त्या कंपनीत पर्सोनेल मॅनेजर होते. त्याची डिग्री, सगळी मार्क्स कार्ड्स आणि दहावीचं सर्टिफिकेट माझ्या पाठीमागच्या लोखंडी कपाटात होतं आणि किल्ली माझ्या पर्समध्ये होती. मी म्हटलं, उद्या बघू.

ते सगळं कपाटात का होतं, ते आधी सांगते. नव्वदीतलं बंगळूर. आमची चाळीस माणसांची सॉफ्टवेअर कंपनी शिवाजीनगरजवळ, मोटारीचे स्पेअर पार्ट विकणाऱ्या दुकानाच्या वर होती. मोठ्या कंपन्यांकडे बस होती, कँटीन होतं, आणि मुलाचं लग्न जमायला उपयोगी पडेल असं नाव होतं. आमच्याकडे यातलं काही नव्हतं, म्हणून आम्ही पगार जास्त द्यायचो. मोठ्या कंपनीत वर्षभर ट्रेनी म्हणून घासायचं, त्यापेक्षा आमच्याकडे पहिल्या महिन्यापासून दीडपट. मुलं यायची. पण आमच्यासारख्या छोट्या कंपन्या गल्लोगल्ली निघाल्या होत्या आणि हीच युक्ती सगळ्यांना ठाऊक होती. आम्ही दीडपट दिला की कुणीतरी दुप्पट द्यायचं. प्रोजेक्ट अर्ध्यावर आणि माणूस पसार.

आमचे एम.डी. बॉण्ड घ्या म्हणायला लागले. बॉण्ड म्हणजे इतकी वर्षं नोकरी सोडणार नाही, सोडली तर भरपाई देईन, असं स्टँप पेपरवर लिहून देणं. पण बॉण्डचं नाव काढलं की मुलं बिचकायची. तेव्हा मी तोडगा काढला. रुजू होताना ओरिजिनल सर्टिफिकेट्स 'व्हेरिफिकेशनसाठी' घ्यायची आणि परत द्यायची घाई करायची नाही. ओरिजिनल पाहिल्याशिवाय दुसरी कंपनी माणूस घेत नाही. सही नको, वकील नको. एम.डी. खूश झाले. कल्पना माझी होती, ती मी आज दुसऱ्या कुणाच्या माथी मारणार नाही.

सुहास नागपूरचा. ऑफिसात मराठी बोलणारे आम्ही दोघंच. आमचं घराणं पिढ्यान्‌पिढ्या बंगळुरातलं, त्यामुळे माझ्या मराठीत कानडी घुसलेली. मी 'स्वल्प थांब' म्हटलं की तो हसायचा. घरून उपमा आणला की अर्धा डबा त्याचा. लग्नाला दीड वर्ष झालेलं, बायको मंजिरी नागपुरात शाळेत शिकवायची आणि हा मारतहळ्ळीला तिघांत एक खोली घेऊन राहायचा. बंगळुरात घर भाड्याने घ्यायचं तर दहा महिन्यांचं भाडं आगाऊ ठेवावं लागतं. ते त्याला कधी जमलं नाही. नवी कंपनी आमच्याहूनही छोटी होती, पण पगार बराच जास्त देत होती, वर घराचा ॲडव्हान्सही भरणार होती. मंजिरीने शाळेचा राजीनामा दिला होता. सोमवारी ओरिजिनल्स घेऊन रुजू व्हायचं, असं ठरलं होतं. हे सगळं तो मला मोठ्या आनंदाने सांगत होता.

एम.डीं.ना सांगितलं तर ते म्हणाले, एक आठवडा लांबवा, सोमवार गेला की आपोआप थांबेल. पगार वाढवून बघू या का, असं मी विचारलं. ते म्हणाले, "एकाला वाढवला तर चाळीस जण दारात उभे राहतील." मग मी सुहासला बोलावलं आणि सांगितलं की कागद व्हेरिफिकेशनला नागपूरला युनिव्हर्सिटीत पाठवलेत, अजून आले नाहीत. मला वाटलं, तो चिडेल, भांडेल, आणि त्या भांडणात आठवडा निघून जाईल.

तो चिडला नाही. "अरे, मग मीच जाऊन आणतो ना," म्हणाला. त्याच दुपारी त्याने नागपूरची गाडी पकडली. मी त्याला अडवू शकले असते. अडवलं नाही.

शुक्रवारी त्याचा तिथल्या एस.टी.डी. बूथवरून फोन आला. एम.डी. माझ्या समोरच्याच खुर्चीत बसले होते. "मॅडम, इथे तीन टेबलं फिरलो. म्हणतात, असं काही आलंच नाही. कोणत्या तारखेला पाठवलं होतं?"

मी एम.डीं.कडे पाहिलं. त्यांनी नकारार्थी मान हलवली.

"पोस्टात अडकलं असेल," मी म्हणाले. "तिथेच थांब दोन दिवस. सोमवारी परत विचार."

तो थांबला. घरी मंजिरीने भांडी पोत्यात बांधून ठेवली होती, ते त्याने त्याच फोनवर सांगितलं.

सोमवारी युनिव्हर्सिटीने पुन्हा हात वर केले. तो बुधवारी परतला, तोवर नव्या कंपनीने त्याच्या जागी दुसरा माणूस घेतला होता. त्यांचंही प्रोजेक्ट सुरू झालेलं, ते कुणासाठी थांबणार? ॲडव्हान्स गेला आणि घरही गेलं. मंजिरीच्या शाळेने तिची जागा भरली होती. एम.डी. म्हणाले, आता द्या त्याचे कागद, आता कुठे जातोय. मी कपाट उघडून फाइल दिली. सुहासने एकेक कागद काढून तपासला, पुढची बाजू, मागची बाजू. एकाही कागदावर युनिव्हर्सिटीचा शिक्का नव्हता की टाचणीचं नवं भोक नव्हतं.

"दुसरं कुणी म्हणालं असतं तर मी गेलो नसतो मॅडम. तुम्ही म्हणालात म्हणून गेलो."

माफी मागायला हवी होती, ती मागितली नाही. मला माझी नोकरी प्यारी होती.

त्याने राजीनामा मागे घेतला आणि जुन्याच पगारावर कामाला लागला. माझ्याशी इंग्रजीत बोलायला लागला, डबा घेईनासा झाला. सहा महिन्यांनी त्याला दुसरीकडे नोकरी मिळाली. जाताना जो फॉर्म भरायचा असतो, त्यात 'नोकरी सोडण्याचं कारण' असा एक रकाना होता. त्याने लिहिलं, 'बेटर पे'. फॉर्म मी एम.डीं.पुढे ठेवला. ते वाचून म्हणाले, "बघा, पैसा दिसला की चालली ही मुलं."

मी फॉर्म फायलीला लावला. पुढे वीस वर्षं मी हीच नोकरी केली, वेगवेगळ्या कंपन्यांत. त्या रकान्यात बहुतेक सगळे हेच लिहायचे. मी एकदाही त्यावर विश्वास ठेवला नाही.