चूलबंद की एकट्याचं

एकोणीसशे साठचं दशक संपत आलं होतं तेव्हा मी अमरावतीच्या एका कॉलेजात जीवशास्त्राचा डेमॉन्स्ट्रेटर होतो. डेमॉन्स्ट्रेटर म्हणजे, बेडूक पोरांनी कापायचा आणि वास आपण घरी न्यायचा. व्याख्यान आमच्या वाट्याला येत नसे. पण त्या दिवशी प्राध्यापकांना सपाटून पडसं झालं आणि त्यांचा तास माझ्याकडे आला. विषय तेव्हा अगदी ताजा, संदेशवाहक आरएनए. सकाळपासून आरशासमोर बोलून बोलून मी घसा बसवून घेतला होता.

घंटा होण्याच्या बेतात असताना प्रयोगशाळेच्या दारात सरांचा भाचा येऊन उभा राहिला. सर म्हणजे अकोल्याच्या शाळेतले माझे विज्ञानाचे शिक्षक. मला या नादाला लावलं ते त्यांनीच. भाचा इथेच कचेरीत नोकरीला. स्वभावानं सावकाश.

"मामांनी सांगितलंय, आधी आईंची तब्येत विचार. मग म्हणावं, अकोल्यात जठारपेठेत घर बांधून झालं, आणि..."

"अहो, मुद्द्याचं बोला. तास आहे माझा."

"रविवारी जेवायला या म्हणून सांगितलंय. आणि मामींनी मुद्दाम..."

"आलोच म्हणून सांगा!" असं म्हणून मी खडू उचलला आणि पळालो.

वर्गात मी काय तोरा मिरवला! डीएनए हा घरातला कर्ता म्हातारा, सांगितलं; पेशीच्या केंद्रकातली जागा सोडत नाही, निरोप्या बाहेर पाठवतो. तो निरोप वाचून त्याबरहुकूम बाहेर प्रथिन तयार होतं. पण नुकतंच असं दिसू लागलंय की निरोप सगळाच्या सगळा वाचला जात नाही. पुढचा थोडा आणि मागचा थोडा भाग तसाच राहतो, त्याचं प्रथिन होत नाही.

मागच्या बाकावरची एक मुलगी उठली. "मंग तो भाग असते कायले, सर?"

खरं उत्तर 'माहीत नाही' हे होतं. तेव्हा भल्याभल्यांनाही ते नीट ठाऊक नव्हतं. पण एका तासाचा प्राध्यापक 'माहीत नाही' म्हणेल होय? मी म्हणालो, "बडबड असते ती. नमस्कार-चमत्कार. कामाचं तेवढं मधे."

मुलीनं ते वहीत उतरवून घेतलं.

संध्याकाळी घरी येऊन मायला आवतन आल्याचं सांगितलं. घरात आम्ही दोघंच. माझं लग्न व्हायचं होतं. भाकर थापता थापता तिचा हात थांबला.

"कसं हाय आवतन? एकट्याचं का चूलबंद?"

आमच्या वऱ्हाडात जेवणाच्या आवतनाला असं शेपूट असतं. एकट्याचं म्हणजे घरटी एकानं जायचं. चूलबंद म्हणजे त्या दिवशी घरात चूलच पेटवायची नाही, लहानथोर सगळ्यांनी पंगतीला यायचं. 'जेवायला या' हे दोन्हींकडे सारखंच. पण तिकडे पीठ किती मळायचं ते या शेपटावर ठरतं.

"इचारलं नाही," मी म्हणालो.

"त्यानं सांगतलं नाही?"

"सांगून राहिला होता. मले घाई होती."

"वा रे मास्तर! लोकायले सांगाची हौस, अन् आयकाले टाइम नाई."

मी हसण्यावारी नेणार होतो, पण माय हसत नव्हती. छप्पन साली आम्ही बौद्ध झालो. त्याआधी गावात तिलाही आवतनं येत. पंगत उठली की मांडवाबाहेर बसायचं, ताट घरून न्यायचं. धम्म घेतला त्या दिवशी तिनं ठरवलं, यापुढं कुणाकडं जेवीन तर सगळ्यांच्या पंगतीत; नाही तर आपली भाकर बरी. सरांचं घर भिक्षुकीचं. शाळेत असताना मी तिथं कितीदा पाणी प्यायलो, खाल्लं, पण माय त्या दारात कधी गेली नव्हती. पोराला शिकवणाऱ्या माणसाला एकदा डोळे भरून पाहावं हे मात्र तिच्या फार मनात होतं. आता ती जाणार की राहणार, हे त्या निरोपाच्या तुटलेल्या टोकाशी अडलं होतं.

"सरांनाच कळवून विचारतो," मी म्हणालो.

"काय इचारशीन? माह्या मायले बलावलं का म्हनून? आवतन मांगून घेतेत का रे, बापू?"

भाच्याच्या खोलीवर गेलो तर तो रजा काढून अकोल्याला गेलेला.

बऱ्याच वर्षांनी वाचण्यात आलं की निरोपाची ती न वाचली जाणारी टोकं फार कामाची असतात. प्रथिन किती करायचं, केव्हा करायचं, पेशीत कुठं करायचं, निरोप किती वेळ टिकू द्यायचा आणि कधी मोडून टाकायचा, यातलं पुष्कळसं तिथं ठरतं. मागच्या बाकावरची ती मुलगी आता आजी झाली असेल. हे तिच्या वाचनात आलं तर तिनं वहीतली ती ओळ कृपा करून खोडावी.

रविवारी माय निघाली ती असं ठरवून, की "दारातून पायतो तुया सरले, अन् जातो मावशीकडं."

फाटकाशी पोचलो तर पिठाचे हात घेऊन सरांच्या पत्नी, आमच्या काकू, बाहेर आल्या. मला ओलांडून त्यांनी थेट मायकडे पाहिलं.

"किती उशीर, बाई! भाचा म्हणाला, यानं निरोप पुरता ऐकूनच घेतला नाही. चूलबंद सांगा म्हणून बजावलं होतं मी! सकाळपासून जिवाला घोर, तुम्ही येता की नाही."

मायनं माझ्याकडे जे पाहिलं ते इथं लिहीत नाही.

सरांनी बायका-पुरुषांची एकच पंगत धरली होती. माय काकूंच्या शेजारी, मी समोर. मायकडे कुणी बघत नव्हतं, आणि न बघण्याची सगळ्यांची धडपड दिसत होती. मायनं वरण-भात कालवला, घास घेतला, सावकाश चावला, आणि हात थांबवला.

"बाई, राग नोका मानू. वरनात मीठ नाई."

काकूंनी चाखून पाहिलं. "अगंबाई, खरंच की! आणि हे सगळे मुकाट गिळतायत!"

"मला वाटलं, नव्या घराची रीत असेल," सर म्हणाले.

काकू उठू लागल्या, तर मायनं डाव्या हातानं त्यांना खाली बसवलं. "बसा तुमी. बरनी कुठी हाय तेवढं सांगा."

"आत, फळीवर."

माय उठली, पदर खोचला आणि सरळ स्वयंपाकघरात गेली. आतून भांडी सरकवल्याचा आवाज आला, आणि मग तिचा, घरच्यासारखा मोठ्यानं:

"काहून वं बाई, इतकी उच्ची बांधली फळी?"