बदल झाला तरच

अमरावतीच्या आमच्या कॉलेजात माझ्या शेजारच्या टेबलावर एक सर बसतात. रोज अकोल्याहून बसनं येतात. शेतातला ओलावा सांगणारे स्वस्त सेन्सर आम्ही दोघं मिळून बनवतो. बनवतात ते, सादर करतो मी. त्यांचा नियम एकच. सेन्सरनं झोपून राहायचं आणि ओलावा बदलला तरच उठून कळवायचं. "तेच ते सांगून सेल काहून संपवाचा?" असं म्हणतात आणि स्वतःही तसेच वागतात. मीटिंगभर त्यांचे डोळे मिटलेले असतात. चहात साखर कमी पडली, तर उघडतात.

परवा पाऊस पडूनही तपासणी समितीसमोर सेन्सर उठलेच नाहीत. खरं सांगतो, मी आदल्या दिवशीचेच आकडे ताजे म्हणून वाचून दाखवले. सरांनी डोळे उघडले, माझ्याकडे पाहिलं आणि पुन्हा मिटले. समिती खूश झाली.

मला मात्र चैन पडेना. संध्याकाळी मी त्यांना बसस्टँडवर गाठलं. "सर, तुम्ही सगळ्यांसमोर काही बोलला का नाहीत?"

"तुमी दर वर्षी असंच करून राहिले, भाऊ," ते शांतपणे म्हणाले. "काही बदल झाला असता, तं बोललो असतो."

बस सुटायच्या आधीच त्यांचे डोळे मिटले होते.