शेंड्याचं पान

मार्गशीर्षातल्या गुरुवारच्या नैवेद्याला केळीचं पान हवं म्हणून मी इथे नेदरलँड्समध्ये, उइटहॉर्न गावातल्या सुरिनामी दुकानात गेले, तर शेवटची गुंडाळी एका बाईंच्या हातात. एकेक पान दिव्याकडे धरून, कुठे फाटलंय का ते बघत होत्या. मूळच्या कॅरिबियन समुद्रातल्या कुरासाव बेटावरच्या. तिकडे नाताळात मक्याच्या पिठात कोंबडीचं सारण भरतात आणि केळीच्या पानात बांधून उकडतात.

"तुला किती हवीत?"

"एकच, पण शेंड्याचं."

"शेंडे तर मी फेकून देते. त्यात पुडी बांधता येत नाही."

तिथेच कात्री मागून त्यांनी सगळे शेंडे मला कापून दिले.

नावं विचारायची राहिलीच. आता दर डिसेंबरला दुकानदार त्या बाईंनी माझ्यासाठी ठेवलेली एक पिशवी काढून देतो. वर डचमध्ये लिहिलेलं असतं, 'शेंडेवालीसाठी'.