मेंढरांच्या मागची जागा

आमचे आप्पा, म्हणजे माझे वडील, जन्मात स्टिअरिंगला शिवले नाहीत, पण मला गाडी त्यांनीच शिकवली असं घरात मानतात. चाळिशीत मी लायसन काढलं तेव्हा ते शेजारच्या सीटवर येऊन बसले ते बसलेच. सगळा जन्म मेंढरांमागं गेलेला, त्यामुळे हायवेसुद्धा त्यांना कळपच वाटे. नारायणगावजवळ डावीकडून घुसणारा तो मारका एडका. इंडिकेटर न देता वळणारं ते चुकार कोकरू. मागून सारखा डिपर मारणारा दिसला की म्हणत, "त्याच्या मागं लांडगा लागलाय. जाऊ दे म्होरं."

मी जाऊ देतो. पुढच्या ट्रकमागं मी सोडलेल्या अंतरात आजवर टेम्पो, जीप आणि एकदा वऱ्हाडाची बससुद्धा येऊन बसली आहे. मुलगी म्हणते, "बाबा, तुम्ही गाडी चालवत नाही, लोकांना वाट काढून देता."

गुडघे गेले तशी आप्पांनी मेंढरं विकली. तेव्हापासून त्यांचं एकच मागणं, "घाटघरला एकदा न्हे." दसरा झाला की कोकणात उतरण्याआधी त्यांचा मुक्काम तिथं असायचा. यंदा दसऱ्यानंतर आमच्या राजुरीहून निघालो. जुन्नर मागं पडलं, रस्ता अरुंद झाला, आणि एका वळणावर समोर कळप. आमच्या मागं सहलीला आलेल्यांच्या गाड्या, सगळ्यांचे हॉर्न सुरू.

"थांब," म्हणत आप्पा काठी घेऊन उतरले. कळपामागच्या मेंढक्याला म्हणाले, "पावणं, तू म्होरल्या अंगाला जा. मागचं मी बगतो."

त्यानं एकदा त्यांच्याकडं पाहिलं आणि काही न विचारता तो पुढं गेला. मागची एक गाडी उजवीकडून पुढं घुसू लागली. आप्पांनी मान न वळवता काठी आडवी धरली. गाडी थांबली. मी चारी इंडिकेटर लावून पहिल्या गिअरमध्ये त्यांच्या मागं. घरात भिंत धरून चालणारा माणूस लंगडत का होईना, पण भरभर चालला होता.

पुढं कळप एका मोकळ्या रानात उतरला. मागच्या गाड्या सुसाट निघाल्या. जाताना प्रत्येकानं माझ्यावर डोळे वटारले. मेंढका हसत म्हणाला, "चला की आप्पा, कोकणात."

"लई आवडलं असतं रं. पर ह्ये गुडघं तुलाच उचलावं लागतील."

आप्पा गाडीत येऊन बसले. मी म्हटलं, "घाटघर काही लांब नाही आता."

"नगं. तितं नुसता डोंगुर असंल."

त्यांनी काच खाली केली. मेंढरांच्या गळ्यातल्या घंट्या लांब जात जात ऐकू येईनाशा झाल्या, तरी ते चल म्हणाले नाहीत. मीही चावी फिरवली नाही.