पूर्वसूचना देऊन केलेली फसवणूक

भाग्यश्री ढोले आर्वीहून पुण्याला आली ती माहितीची सुरक्षा शिकायला. शिकता शिकता विद्यापीठात संशोधक म्हणून ती अशी चिकटली, की शनिवार पेठेतल्या तिच्या घरमालकीणबाई हेमाकाकू आल्यागेल्याला 'ही आमच्याकडची कायमची विद्यार्थिनी' अशी तिची ओळख करून द्यायला लागल्या. यात कौतुक किती आणि टोमणा किती, हे पुण्यात विचारायचं नसतं.

तिच्या संशोधनाचा प्रश्न साधा होता. चोरांच्या खोट्या मेल येतात. आपलं खातं बंद होणार आहे, ताबडतोब इथे पासवर्ड टाका, वगैरे. शिकलीसवरली माणसं अशा मेलना किती फसतात? एवढा एक आकडा तिला हवा होता. त्यासाठी तिनं स्वतःच एक निरुपद्रवी खोटी मेल विद्यापीठातल्या शिक्षकांना पाठवायची आणि कोण कोण पासवर्ड टाकतं ते मोजायचं. आकडा आला की प्रबंध पुरा आणि नावामागे डॉक्टर. तिशी ओलांडलेल्या मुलीला लग्नाचं विचारणाऱ्या नातेवाइकांची तोंडं गप्प करायला एवढं पुरेसं होतं.

तिचे मार्गदर्शक शरच्चंद्र सर. माहितीची सुरक्षा हा विषय या विद्यापीठात त्यांनीच आणला. पासवर्ड टाइप करताना अक्षर न् अक्षर तोंडानं म्हणायची त्यांना सवय असल्यामुळे अख्ख्या विभागाला तो पाठ होता. पण माणूस विषयातला दर्दी, हे कबूल करायला हवं. त्यांनी प्रयोग उचलून धरला आणि नियमाप्रमाणे नीती समितीकडे पाठवला.

माणसांवर प्रयोग करायचा तर समितीची परवानगी लागते. नियम चांगलाच आहे. नाहीतर उद्या कोणीही उठून कुणाला काहीही टोचेल. समितीच्या अध्यक्ष वनस्पतिशास्त्राच्या प्रियदर्शनी मॅडम. त्यांची सारी हयात झाडांवर प्रयोग करण्यात गेली होती आणि एकाही झाडाची संमती त्यांना घ्यावी लागली नव्हती. बहुधा त्याची भरपाई म्हणून त्या माणसांच्या बाबतीत फार काटेकोर होत्या.

"फसवायला आमची हरकत नाही," मॅडम म्हणाल्या. "पण न सांगता फसवणं बरं दिसत नाही. आधी सगळ्यांना कळवा."

"मॅडम, कळवलं तर फसणार कोण?" भाग्यश्रीनं विचारलं.

"तो तुमच्या संशोधनाचा भाग झाला. आम्ही त्यात ढवळाढवळ करत नाही."

मग परिपत्रक निघालं. चालू महिन्यात संशोधनासाठी सर्व शिक्षकांना एक खोटी मेल पाठविण्यात येणार असून ती निरुपद्रवी आहे, कोणी घाबरून जाऊ नये. मजकूर इतकाच होता. पण विद्यापीठाच्या कचेरीत कुठलंही परिपत्रक 'सहकार्य करावे' असं लिहिल्याशिवाय संपत नाही. पाणी बंद असलं तरी सहकार्य करावे, लिफ्ट बंद असली तरी सहकार्य करावे. टंकलेखकाचा हात सवयीनं चालला आणि तेही खाली आलं. कुणाला खटकलं नाही, भाग्यश्रीलाही नाही.

हेमाकाकूंना हे कळलं तेव्हा त्या ताक घुसळत होत्या. "आमच्या पेठेतले चोर असं सांगून येत नाहीत हो," त्या म्हणाल्या. "विद्यापीठाची रीत मोठी."

भाग्यश्रीची मेल आणखी एका सहीसाठी अडून बसली होती. त्या आठवड्यात खराखुरा चोर आला. त्याला परिपत्रकाची काही कल्पना नसावी. त्यानं आपली नेहमीची मेल पाठवली आणि विद्यापीठानं आजवर कुठल्याही गोष्टीला दिलं नव्हतं इतकं सहकार्य त्याला दिलं.

पोरीच्या पीएचडीचा प्रश्न आहे म्हणून लोकांनी मनापासून पासवर्ड टाकले. इतिहासाच्या एका सरांचा पहिल्यांदा चुकला, तर त्यांनी आठवून आठवून पुन्हा टाकला. ज्यांना मेल आलीच नव्हती, त्यांनी आपल्याला डावललं म्हणून शेजारच्या टेबलावरून ती मागवून घेतली. दुपारी शरच्चंद्र सरांचा फोन आला.

"टाकला बरं का मी पण पासवर्ड. झालं समाधान?"

"सर, मी अजून मेल पाठवलीच नाहीये."

"मग ही कुणाची?" सर म्हणाले.

संध्याकाळपर्यंत सत्र परीक्षेच्या प्रश्नपत्रिका विद्यार्थ्यांच्या मोबाइलवर फिरत होत्या. परीक्षा पुढे ढकलली गेली, वर्तमानपत्रात छापून आलं, आणि चौकशी बसली. चोर सापडण्यातला नव्हता; भाग्यश्री सापडण्यासारखी होती.

"मेल तुमची नव्हती हे आम्हाला मान्य आहे," प्रियदर्शनी मॅडम म्हणाल्या. "पण अपेक्षा तुम्ही निर्माण केलीत."

भाग्यश्रीनं ते मुकाट्यानं ऐकून घेतलं, कारण तिच्या डोक्यात एकच गोष्ट होती. कोणी कोणी पासवर्ड टाकला याची नोंद विद्यापीठाच्या यंत्रणेत झालेली होती. म्हणजे तिला हवा तो आकडा आयता तयार होता, आणि तोही खऱ्या चोराचा. तो वापरू द्यावा, एवढीच तिनं विनंती केली. समितीनं दोन बैठका घेऊन उत्तर दिलं: सदर चोराने समितीची पूर्वपरवानगी घेतलेली नसल्याने ही माहिती संशोधनासाठी ग्राह्य धरता येत नाही. तोवर तिच्या नोंदणीची मुदत संपली. मुदतवाढीच्या कागदावर सही करायची वेळ आली तेव्हा शरच्चंद्र सर म्हणाले, "सध्या वातावरण बरं नाही." समितीचं नकाराचं पत्र हातात घेऊन ती खोलीत पोटभर रडली.

मग तिनं खराडीतल्या एका कंपनीत नोकरी धरली. काम काय, तर गिऱ्हाइकांच्याच माणसांना न सांगता खोट्या मेल पाठवायच्या आणि किती फसले त्याचा अहवाल द्यायचा. वर्षभरानं तिच्यापुढे नवं गिऱ्हाईक आलं. अंगाशी आल्यावर शहाणं झालेलं तिचंच विद्यापीठ होतं ते. या वेळी नीती समितीचा प्रश्नच आला नाही. संशोधन असतं तर परवानगी लागली असती. ही खरेदी होती, तिला कुलसचिवांची सही पुरली.

भाग्यश्रीनं मेल मन लावून लिहिली. 'सायबर सुरक्षा प्रशिक्षण यशस्वीरीत्या पूर्ण केल्याबद्दल अभिनंदन. पदोन्नतीसाठी ग्राह्य प्रमाणपत्र मिळवण्यास पासवर्ड टाका.' असं प्रशिक्षण कधी झालंच नव्हतं. तरी जेवणाच्या सुट्टीपर्यंत तीन चतुर्थांश शिक्षकांनी प्रमाणपत्र मागितलं. जो आकडा मिळवण्यात तिच्या उमेदीची वर्षं गेली, तो एका सकाळीत समोर येऊन बसला.

अहवाल वाचून दाखवायला ती विद्यापीठात गेली. सभा संपल्यावर शरच्चंद्र सर मुद्दाम मागे थांबले. "उत्तम काम," ते म्हणाले. "हेच इथे असताना केलं असतंत, तर आज डॉक्टर असतात."

ती लॅपटॉपची वायर गुंडाळत राहिली. बोलली असती तर बरंच बोलली असती.

"एक विचारायचं होतं," सर पुढे म्हणाले. "माझ्याकडे कल्याणी म्हणून नवी मुलगी आहे. तुमचाच विषय दिलाय तिला. हा अहवाल आता विद्यापीठाच्या मालकीचा, त्यामुळे आकडा वापरायला समितीची हरकत नाही. तिचं वर्षात आटपेल. ऋणनिर्देशात तुमचं नाव घालायला सांगतो मी तिला."

भाग्यश्रीच्या कानशिलांपर्यंत संताप चढला. तिनं लॅपटॉप पिशवीत भरला, चेन लावली, आणि अगदी शांतपणे म्हणाली, "नुसतं भाग्यश्री नको, सर. वडिलांच्या नावासकट पूर्ण घाला. घरी दाखवायला लागेल."